संथ भागाचं पान

पॅरिस, बातिन्योल
सोमवार, ५ फेब्रुवारी १८७२

वात्तेल,

नमस्कार-चमत्कार काही लिहीत नाही. तुला नमस्कार करावा असं गेल्या सहा वर्षांत तू काही केल्याचं माझ्या कानावर आलेलं नाही. कानावर आलं ते एवढंच, की तू तिकडे उत्तरेत, रूबेला, एका नाचघरात तुझा तो मोठा बॅरिटोन सॅक्सोफोन फुंकतोस. प्रुव्हो सांगत होता, आपला टेनरवाला प्रुव्हो. बहिणीच्या लग्नाला तिकडे गेला होता, तर तुला बघून आला. म्हणाला, "पेल्तिए, काय सांगू तुला! गिरणीतल्या पोरी फेर धरून नाचत होत्या, नि वात्तेल दोन पोल्का नाचांच्या मधे बिअर पीत होता. जाड झालाय." मी म्हटलं, बरोबरच आहे. गाढवाला गुळाची चव काय! गिस्लेन मास्तरांनी ज्याला चार वर्षं समोर बसवून शिकवलं, तो माणूस आता कार्निव्हलात तोंडाला रंग फासून भोंगा वाजवतो. शोभतं हो तुला.

अक्षर मोठं आलंय म्हणून हसू नकोस. डोळे ठणठणीत आहेत. टाक जाड आहे.

आता कामाचं. मास्तर आजारी आहेत. छातीत पाणी झालंय, पाय सुजलेत, उशा लावून बसल्या बसल्याच झोपतात. डॉक्टर म्हणतो, ईस्टर बघतील न बघतील. परवा मी गेलो तर म्हणाले, "पेल्तिए, माझी ती चौघांची रचना मला एकदा ऐकायची आहे. एकदाच. पण नीट." त्यांनी दुसरं काही मागितलं नाही. पाद्री नको म्हणाले, पुतण्याला बोलवू नका म्हणाले. फक्त हे.

तर तुला ठाऊकच आहे, मास्तरांनी चौघांचं मिळून एकत्र लिहिलेलं असं काही ठेवलंच नव्हतं. सरळ चार जणांची चार वेगळी पानं लिहिली, नि म्हणायचे, "बाकीच्या तिघांचं ज्याला कानांनी ऐकू येत नाही, त्याला ते डोळ्यांनी वाचून काय कळणार?" झालं, त्यामुळे तुझी पानं तुझ्याकडे, नि तुझ्यावाचून सगळी रचना म्हणजे तीन पायांची खाट. सोप्रानोवाला ब्रिदू आहे, टेनरला प्रुव्हो आहे, आल्टोला मी आहे. बॅरिटोन नाही. पलटणवाल्यांसाठीचा आपला सॅक्सोफोनचा वर्ग १८७०च्या लढाईत बंद पडला तो पडलाच, नि नवीन माणूस तयार होणं थांबलं. एक मिळाला होता, बंबवाल्यांच्या बँडातला. त्यानं पहिला सूर फुंकला, नि मास्तरांच्या घरकामाच्या झेलीबाईंची मांजर जी कपाटाखाली गेली ती दिवे लागल्यावर बाहेर आली.

आणि या शहराचं तर विचारूच नकोस. दिवाणखान्यात चौघांनी बसून वाजवायचं तर ते व्हायोलिनवाल्यांनीच, असं यांच्या आयांनी यांना दुधातून पाजलंय. आपण म्हणजे पितळी बदकं! आठवतं ना, असंच म्हणायचे. त्या बदकांसाठी एका माणसानं आयुष्यातली सगळ्यात चांगली चार पानं लिहिली, नि ती एकदाच लोकांपुढे वाजली, आणि त्या एकदाचीही तू वाट लावलीस.

यायचं असेल तर ये. नसेल तर पानं पाठव. तुझ्या बापानं लिहिलेली नाहीत ती.

कळावं. लोभ नसला तरी चालेल.

एव्हारिस्त पेल्तिए


सोमवार, १९ फेब्रुवारी

वात्तेल,

तुझं पुडकं पोचलं. पोस्टमननं आणून दिलं तेव्हा हाताला मऊ लागलं, म्हटलं, पानं गुंडाळून पाठवली वाटतं. सोडून बघतो तर चिकोरी! कॉफीत घालायची पाऊण किलो चिकोरीची भुकटी, नि सोबत चिठ्ठी नाही, चपाटी नाही. त्या पुडक्याला काय म्हणायचं? मरणाऱ्या माणसानं संगीत मागितलं तर तुम्ही लोक चिकोरी पाठवता? झेलीबाईंना दिली. त्या म्हणाल्या, "चांगली आहे हो. मास्तरांना आवडते म्हणून पाठवली असेल बिचाऱ्यानं." बिचारा! जगात बिचारे फक्त रूबेलाच राहतात.

तू गप्प बसणार हे मला ठाऊक होतं. त्या दिवशीही असाच गप्प बसलास. मग मीच सांगतो काय झालं ते, म्हणजे चिकोरीआड लपायला तुला जागा उरणार नाही.

मे महिना होता, १८६६. पियानोच्या दुकानावरचा तो लांबट हॉल, साठ खुर्च्या, पुढच्या रांगेत तो प्रकाशक सोनेरी मुठीची काठी मांडीवर आडवी ठेवून बसलेला. आवडलं तर छापणार होता. पहिला भाग झाला, बरा झाला. मग संथ भाग. संथ भागातलं गाणं आल्टोचं, म्हणजे माझं. तुला खालून चार-चार सुरांचा टेकू द्यायचा, बस्स. ब्रिदूनं मान उचलून श्वास घेतला, तोच आपला इशारा असायचा, नि आपण सुरू झालो. आणि गाणं निघालं ते तुझ्या नळीतून! एक सप्तक खाली. नि माझ्या लहान नळीतून तुझा टेकू, वर, उघड्यावर, टूक-टूक, टूक-टूक. साठ माणसांपुढे मी कोंबडी झालो, वात्तेल.

थांबायचं होतंस. "माफ करा" म्हणायचं होतंस. पण नाही. तू डोळे मिटलेस नि शेवटपर्यंत वाजवलंस. मला माहीत आहे तू काय म्हणशील: पलटणीत पहिल्याच दिवशी शिकवतात, पुढ्यात जे पान असेल ते वाजवायचं, नि घोडा आडवा आला तरी थांबायचं नाही. अरे, पण हॉलमध्ये घोडे होते का?

प्रकाशक उठून उभा राहिला. मास्तरांजवळ गेला नि म्हणाला, "त्या मोठ्या नळीचं गाणं! साहेब, हा भाग मी उद्या छापतो." मास्तर लालबुंद झाले. "ती रचना माझी नाही," म्हणाले. संपलं तिथंच. मग जिन्यापाशी त्यांनी विचारलं, हे कुणी केलं? मी जे खरं ते सांगितलं. मी म्हटलं, "वात्तेलला ते गाणं फार आवडतं, मास्तर. माझं पान त्यानं मागेही मागितलं होतं." मागितलं नव्हतंस का? एकदा, वाचायला म्हणून? तू काहीच बोलला नाहीस, नळी पेटीत घातलीस, पान पेटीत घातलंस, टोपी घातलीस नि निघालास. चोरी केलेली नसती तर माणूस बोलला असता.

काल आम्ही तिघं मास्तरांच्या खोलीत बसलो होतो, तुझ्याशिवाय काय जमतं बघायला. प्रुव्होनं संथ भाग काढायला सांगितला. मी म्हटलं, माझं पान माझ्याकडे नाही, वात्तेलनं पळवलं. तो माझ्या फायलीत डोकावला नि म्हणाला, "अरे, हे काय इथं? हे तर मोठ्याचं पान. वात्तेलचं. तुझ्याकडे कसं?"

"राहिलं असेल."

"म्हणजे त्यानं तुझं पळवलं, म्हणून त्याचं तुझ्याकडे आलं?"

प्रुव्होचं डोकं बैलगाडीनं चालतं, पण पोचतं. मी विषय बदलला. तू याचा वाटेल तो अर्थ काढू नकोस.

मास्तर उशीवर डोळे मिटून ऐकत होते. त्यांना झोप लागली असावी.

पानं पाठव. चिकोरी नको.

पेल्तिए


बुधवार, ६ मार्च

वात्तेल,

दोन आठवडे झाले, तुझं काही नाही. मीही लिहिणार नव्हतो. हे पत्र मी चार वेळा फाडलं आहे, आणि पाचव्यांदा लिहितोय ते तुझ्यासाठी नव्हे. मास्तरांच्या पायाची सूज मांडीपर्यंत चढली आहे.

परवा दुपारी त्यांनी मला एकट्याला बोलावलं. झेलीबाई सूप घेऊन आल्या तर त्यांनाही बाहेर पाठवलं. मग म्हणाले, "पेल्तिए, त्या दिवशी स्टँडवर पानं कुणी मांडली होती?"

मी म्हटलं, "कुठल्या दिवशी, मास्तर?"

"आता मरणाऱ्या माणसाशी तरी नाटक करू नकोस. पानं नेहमी कोण मांडायचं?"

"मी."

"मग?"

खरं तर खोलीतून उठून जावंसं वाटत होतं. पण ते नजर काढेनात.

मी मांडली होती, वात्तेल. तुला माहीतच आहे, तुझ्या नि माझ्या दोघांच्या पानांवर मास्तर तेच लिहायचे, 'मि बेमोल सॅक्सोफोन', दोन्ही नळ्यांचा मूळ सूर तोच म्हणून. कोपऱ्यात फक्त बारीक शब्द, 'लहान' किंवा 'मोठा', मुंगीच्या पायानं लिहिल्यासारखा. लिपी एक, बोटं एक, म्हणून तुझं पान मला वाजवता येतं नि माझं तुला. मी हात लांब करून बघितलं, दिसलं नाही. अंदाजानं ठेवलं. चष्मा कोटाच्या खिशात होता. होय, होता. तेव्हाही होता. सत्तेचाळीस वर्षांचा आल्टोवाला, पुढच्या रांगेत टोप्या घातलेल्या बायका, त्यांच्यासमोर मी नाकावर काचा चढवणार होतो का? तू वर्षभर माझ्यामागे लागला होतास, "पेल्तिए, चष्मा लाव रे," नि मी दर वेळी तुला आईवरून शिवी देत होतो.

इथवरच असतं तर चूक म्हणून सोडून देता आली असती. चूक कुणाचीही होते. पण पहिल्याच सुराला मला कळलं होतं, की पानं मीच चुकवली. तरी जिन्यापाशी मी तुझं नाव घेतलं. का घेतलं ते मास्तरांनी विचारलं नाही, म्हणून तुला सांगतो. ते गाणं मी चार महिने घासलं होतं. रोज सकाळी, खिडक्या बंद करून. आणि तू, मागितलंस तेव्हा मी दिलंच नव्हतं, म्हणून आयुष्यात पहिल्यांदा ते पान बघितलंस नि असं वाजवलंस, की माझे चार महिने मला कचऱ्यात दिसले. मी टूक-टूक करत होतो नि मनात म्हणत होतो, हे असं होतं तर! हे असं वाजवायचं होतं! मला ते सहन झालं नाही. एवढंच कारण. दुसरं काही नाही. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात ना, त्या मी सहा वर्षं मारतो आहे.

आणि तुला नाचघरावरून बोललो. मी काय करतो ते प्रुव्होनं सांगितलंच असेल. सर्कशीत आहे. तू निदान माणसांना नाचवतोस, मी घोड्यांना नाचवतो. हत्तीही असते, पण गेल्या लढाईत शहराला वेढा पडला तेव्हा ते उपाशी लोकांनी खाल्ले.

मास्तरांना मी हे सगळं सांगितलं, जिन्याचंसुद्धा. मला वाटलं, चिडतील, बाहेर काढतील. ते म्हणाले, "तू पान हात लांब करून बघत होतास ते मी दाराआडून बघितलं होतं."

मी म्हटलं, "म्हणजे तुम्हाला तेव्हाच माहीत होतं?"

"माहीत होतं."

"मग वात्तेलला का जाऊ दिलंत?"

त्यांनी डोकं मागे उशीवर टेकवलं. मग म्हणाले, "कारण ते चांगलं झालं होतं रे. मी लिहिलं त्यापेक्षा चांगलं. गाणं खालीच हवं होतं, मोठ्या नळीत, नि वर ते टूक-टूक. मला सुचलं नाही. मी तीस वर्षं रचना करतोय, मला सुचलं नाही, नि एका आंधळ्या गाढवानं अंदाजानं पानं ठेवली आणि झालं. 'ती रचना माझी नाही' असं मी म्हणालो ते खरंच होतं. मला त्याचा चेहरा पुन्हा बघवला नसता."

तर असे आम्ही दोघं. गुरू तसा चेला. आणि आमच्या मधे तू, टोपी घालून जिना उतरलास.

मी म्हटलं, "आता काय करायचं? वात्तेलकडून माझं पान मागवू का? त्याचं त्याला परत देऊ?"

मास्तर म्हणाले, "पानं जिथं आहेत तिथंच राहू देत. सहा वर्षं ती बरोबर जागी आहेत."

वात्तेल, मला गाणं नको. मी टेकू देतो. कोंबडी व्हायला तयार आहे. पण ते गाणं त्या नळीत घालायला माणूस नाही. बंबवाल्याला मी ते पान दाखवणारही नाही, माझ्याकडे असतं तरी. मास्तरांना एकदाच ऐकायचं आहे, नि ते आता कुशीवरही वळू शकत नाहीत. तू माझ्यासाठी येऊ नकोस. मी तसला माणूस नाही, मला माहीत आहे. पण ये.

मी चुकलो. हे वाक्य लिहायला मला चार कागद लागले.

एव्हारिस्त पेल्तिए


मंगळवार, १२ मार्च

वात्तेल,

तुझं पोस्टानं आलेलं पत्र मी झेलीबाईंसमोरच उघडलं. सहा वर्षांनी तू लिहितोस, नि लिहितोस काय, तर चार शब्द: "शुक्रवारी येतो. चष्मा लाव."

मी खुर्चीवर बसलो. झेलीबाई म्हणाल्या, "काय झालं? कोण गेलं?"

म्हटलं, "कुणी नाही गेलं. याला सगळं माहीत होतं. मी एवढं कबूल केलं, तरी ना आश्चर्य, ना एक शिवी."

मेल्या, तुला माहीत होतं! जिन्यापाशी उभा होतास, मी तुझ्या तोंडावर खोटं बोलत होतो, नि तुला माहीत होतं की खिशात चष्मा आहे! मग एक शब्द बोलायला काय झालं होतं तुला? एकच शब्द! मी रात्रभर तुला शिव्या घातल्या. उत्तरेची माणसं अशीच, तोंड उघडायचं ते फक्त बिअर ओतायला. मग पहाटे लक्षात आलं, की तू बोलला असतास तर मास्तरांनी मला काढलं असतं, माझी मिळकत गेली असती, नि तेव्हा माझी बायको अंथरुणाला खिळलेली होती. तू हेच मनात धरलंस की आणखी काही, ते मी तुला विचारणार नाही. तू सांगणारही नाहीस.

मास्तरांना सांगितलं. म्हणाले, "शुक्रवार ना? मग शुक्रवारपर्यंत मी कुठं जात नाही." सूप मागितलं नि अर्धी वाटी प्यायले. झेलीबाईंनी तुझी चिकोरी घालून कॉफी केली तीही घेतली. मी पण घेतली. वाईट नाही.

खोलीत पलंग खिडकीकडे सरकवला आहे, म्हणजे तुझ्या नळीला जागा होईल. ब्रिदूला बजावलं आहे की संथ भागात श्वास मोठा घे, मागून दोन म्हातारे आहेत. प्रुव्होनं टेनरच्या तोंडाला फुंकायची नवी वेताची पत्ती बसवली. मी टूक-टूक घासतो आहे, रोज सकाळी, खिडक्या बंद करून. वाटतं तेवढं सोपं नाही रे ते. तू चार वर्षं असले टेकू कसे वाजवलेस, नि कधी कुरकुरला कसा नाहीस? पाचव्या ओळीत तुझी गाण्याची लांब तान येते, तिथं मी इतका हळू होईन की घरात नाही असं वाटेल. तू मात्र तिथं श्वास चोरू नकोस. त्या दिवशी चोरला होतास. दुसऱ्या कुणाला कळलं नसेल, मला कळलं होतं.

तुझं पान तू आण, माझं माझ्याकडे आहे. या वेळी मांडायचं काम कुणाचंच नाही, ज्यानं त्यानं आपलं आपण ठेवायचं.

गाडी दुपारी पोचते. मी स्टेशनात येईन. ओळखायला जरा जड जाईल तुला, केस गेलेत नि वेढ्यात अंग उतरलं ते भरलं नाही. तेव्हा खूण सांगून ठेवतो. फलाटावर, भर गर्दीत, सगळ्या बायकांदेखत, जो चष्मा लावून उभा असेल, तो मी.

तुझा,
एव्हारिस्त